पोट आत ओढून दिलेलं माप

आमची सूनबाई शिंप्याची मुलगी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आमची ही म्हणते, "तुम्ही गोष्ट सांगायला बसलात की मूळ मुद्दा दाराबाहेर ताटकळत असतो आणि तुम्ही आत भलत्याच पाहुण्यांची विचारपूस करत बसता." म्हणून आज मुद्द्याला आधी आत घेऊन खुर्ची दिली. बाकीचे येतील सावकाश.

सूनबाईच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या व्याह्यांचं, दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक आरसा आणि एक स्टूल. स्टूल बसायला कमी आणि गप्पांना जास्त. कुणी पँट शिवायला आला की व्याही टेपला हातच लावायचे नाहीत. टेप गळ्यात, हात पाठीमागे आणि तोंडाने, "काय म्हणतो गुडघा? मुलीचं कुठे जमलं का?" गिऱ्हाईक स्टुलावर बसायचं, सुस्कारा टाकायचं, गुडघ्यापासून मुलीपर्यंत सगळं सांगून मोकळं व्हायचं. उठता उठता व्याह्यांनी कमर कधी मोजली, त्याला पत्ताही नसायचा.

कारण काय? टेप दिसला की माणूस पोट आत ओढतो. लबाडीने नाही हो, आपसूक. त्या मापाची पँट मग पोटभर जेवल्यावर बटण तोडते आणि शिव्या शिंप्याला बसतात. सूनबाई लहानपणी दुकानात बसून गृहपाठ करायची. पाढे पाठ झाले की नाही देवाला ठाऊक, पण हे मात्र तिच्या कानावरून रोज गेलं.

पुढे तिने इमारतीच्या आतल्या रचनेचं शिक्षण घेतलं. म्हणजे कचेरीत टेबल कुठे ठेवायचं, उजेड कुठून घ्यायचा, माणूस दारातून शिरला की कुठून कुठे जाईल, याचे नकाशे काढायचे. मोठ्या कंपनीत नोकरी लागली. आम्ही खूश. पण तिथे तिच्या वाट्याला आली स्वच्छतागृहं. सुरुवातीला एक दिलं, ते इतकं चांगलं झालं की पुढे दुसरं कुणी काढायलाच तयार होईना. दवाखान्याची तिने काढली, सिनेमाघराची काढली, बँकेची काढली. मोठ्या खोल्या, मोठ्या खिडक्या दुसऱ्यांच्या, आणि नळ हिचे. नवीन बँक उघडली तेव्हा आमची ही रांगेतल्या बायकांना मोठ्या तोऱ्यात सांगत होती, "ते आत आहे ना, ते आमच्या सुनेने केलंय." बायका बिचाऱ्या तिजोरीकडे आदराने बघायला लागल्या.

एक दिवस सूनबाई जेवताना म्हणाली, "मला एक तरी खोली काढायची आहे, जिच्यात माणसं बसायला येतील. घाईघाईने निघून जायला नाही." नोकरी सोडली. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर एक खोली भाड्याने घेतली, पाटी लावली. मुलगा म्हणाला, "मी आहे." मी म्हणालो, "मीही आहे." तेव्हा आमची ही म्हणाली, "तुम्ही असून काय करणार, गोष्टी सांगणार?" हे लक्षात ठेवा, कामाला येईल.

पहिलंच मोठं काम मिळालं ते कोर्टाचं. कोर्टाची इमारत जुनी, दगडी पायऱ्या, उंच छत. न्यायदानाच्या खोल्यांना हात लावायचा नव्हता. पण त्यांच्या मागे जी कचेरी आहे, जिथे अर्ज घेतात, निकालाच्या नकला देतात, समन्स बाहेर पाठवतात, ती नवीन करायची होती. संगणक आले होते पण त्यांच्या तारा पायात यायच्या. दिवसाही दिवे लागायचे. आणि लोखंडी कपाटं अशी वेडीवाकडी उभी की जणू फोटोसाठी उभं राहायला सांगितलेलं आणि कुणी ऐकलेलं नाही.

अट एकच होती. सूनबाईने आधी कच्चं करून दाखवायचं. हे तिनेच सुचवलं होतं. शिंप्याच्या घरचं माणूस, कच्ची शिलाई घातल्याशिवाय पक्की करणार कसं? म्हणजे सामान नवीन नकाशाप्रमाणे लावायचं पण भिंतीत खिळा ठोकायचा नाही. कचेरीच्या लोकांनी आठवडाभर त्यात काम करायचं. शुक्रवारी मोठे साहेब, म्हणजे तिथले मुख्य न्यायाधीश, येऊन बघणार आणि कचेरीच्या लोकांना विचारणार. साहेब हो म्हणाले तर काम सूनबाईचं. नाही म्हणाले तर जुन्या कंपनीचे साहेब टपून बसलेच होते. फोनवर म्हणालेही, "वाईट वाटून घेऊ नका, पण एका विमानतळाचं काम आलंय. खूप नळ आहेत."

आता ती मापं घ्यायला गेली त्याची गोष्ट. कचेरीचे अधीक्षक म्हणजे सडसडीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेले, आयुष्यात शिंकले असतील तर परवानगी घेऊन. त्यांच्या हाताखाली नकला देणाऱ्या एक बाई. सगळे त्यांना नकलाताई म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचं. आणि एक बेलिफ, म्हणजे घरोघर समन्स पोचवणारे. गडी धिप्पाड, आवाज असा की समन्स न देता नुसती हाक मारली तरी माणूस हजर व्हावा.

सूनबाईने वही उघडली. "तुम्हाला इथे काही त्रास?"

"नाही," अधीक्षक म्हणाले.

"कपाटं किती लागतील?"

"आहेत तेवढी."

"चहा कुठे घेता?"

"कामाच्या वेळेत घेत नाही."

"बेलिफसाहेब, तुम्ही कुठे बसता?"

"बसत नाही."

पुन्हा दुसऱ्या दिवशी जाऊन ती कोपऱ्यात बसून राहिली, कोण कुठून कुठे जातो ते बघत. कुणी हललंच नाही. सगळे आपापल्या टेबलाशी, शाळेत साहेब आल्यावर बसावं तसे.

बरं, ही माणसं खोटी नव्हती. सरळ मनाची होती. पण आयुष्य कोर्टात गेलेलं. रोज कानावर एकच, वकील साक्षीदाराला बजावतोय, "विचारलं तेवढंच सांग. एक शब्द जास्त नको." इतकी वर्षं ऐकून ते त्यांच्या रक्तात उतरलं होतं. नकलाताईंचे यजमान म्हणे घरी विचारायचे, "भाजीत मीठ आहे का?" तर बाई म्हणायच्या, "आहे." जास्त आहे हे विचारल्याशिवाय सांगायच्या नाहीत.

सूनबाईने त्या उत्तरांवरून नकाशा काढला. काय सुरेख काढला होता! कपाटं सगळी भिंतीला, एका ओळीत. मध्ये मोकळं, खिडक्यांचा उजेड थेट टेबलांवर. खोल्यांना काचेच्या सुट्या भिंती, सगळं आरपार. मी घरी तो नकाशा उलटा धरून बघितला तरी सुंदर दिसत होता. सोमवारी सामान लागलं.

मंगळवारी संध्याकाळी सूनबाई घरी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. "बाबा, काहीतरी बिनसलंय. फायलींवर चहाचे डाग आहेत. नकलाताईंचे डोळे लाल. बेलिफ खिडकीच्या चौकटीवर कागद ठेवून लिहितात. अधीक्षक दुपारी कुठेतरी गायब होतात. आणि विचारलं की सगळे म्हणतात, ठीक आहे."

"मग ठीक असेल," मी म्हणालो.

"मी अधीक्षकांना विचारलं, शुक्रवारी साहेबांनी तुम्हाला विचारलं, इथे सोयीचं वाटतं का, तर काय सांगाल? तर म्हणाले, 'खरं तेच सांगेन. नाही म्हणेन.'"

मी म्हणालो, "अरे वा, मग तुला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नव्हतं, म्हणाले."

त्या दिवशी ती जेवलीच नाही. आमच्या हिने ताट झाकून ठेवलं. सूनबाईला चैन पडत नसलं की ती शिवायला बसते. माझी पँट शिवायची बाकी होती, तिने टेप उचलला. "बाबा, उभे राहा."

मी उभा राहिलो. आणि खोटं कशाला सांगू, टेप कमरेला लागला आणि मी पोट घेतलं आत. या वयात! कुणाला दाखवायचं होतं देव जाणे.

"बाबा, पोट सोडा."

"सोडलंय."

"अहो, कुठे सोडलंय!" आमची ही कोपऱ्यातून म्हणाली. "तोंडही फुगलंय तुमचं. बाई गं, यांना काहीतरी बोलायला लाव. बोलायला लागले की यांचं सगळंच सुटतं."

सूनबाई टेप धरून तशीच थांबली. मला वाटलं, माझं माप बघून घाबरली.

"बाबा," ती म्हणाली, "त्यांनीही पोट आत ओढलं होतं."

"कुणी?"

"कोर्टाने." आणि मग हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "माझ्या अण्णांनी दुकानात जन्मभर जे दाखवलं तेच मी विसरले. वही उघडून गेले ना मी! टेप गळ्यात न ठेवता हातात धरून गेले. उद्या याल माझ्याबरोबर?"

"मी? कोर्टात? माझा गुन्हा काय?"

"बोलायचं. नेहमीसारखं."

साठ वर्षं ज्या माणसाला घरादाराने "आता पुरे" म्हटलं, त्याला कुणीतरी बोलण्यासाठी बोलावून नेतंय! मी ठेवणीतला सदरा काढला. आमची ही म्हणाली, "जीभ पण जरा धुऊन घ्या."

बुधवारी दुपारी गर्दी ओसरल्यावर सूनबाईने मला कचेरीत एका स्टुलावर बसवलं. "हे माझे सासरे. यांना इथे थोडा वेळ बसू द्या, मला नळांचं एक काम बघायचंय." आणि गेली की तिकडे. वही न घेता.

अधीक्षकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बिनतारखेचा अर्ज आहे. मग मी आपली शाळेची गोष्ट काढली.

आमच्या गावच्या शाळेत तपासणीचे साहेब यायचे. मास्तरांनी बजावलेलं, "विचारतील तेवढंच सांगायचं." माझ्या बाकावर एक पोरगा होता, आम्ही त्याला पोपट म्हणायचो. साहेब आले ते हेडमास्तरांच्या खोलीतच बसले, उन्हात कोण हिंडणार? पोपटाला बोलावलं. "काय रे, तुमच्या वर्गाचं छप्पर गळतं का?" पोपट म्हणाला, "नाही साहेब, अजिबात नाही." साहेब खूश, शेरा लिहिला, निघून गेले. आणि खरं म्हणजे आमच्या वर्गाचं छप्पर वादळात उडून गेलं होतं. जे नाहीच, ते गळेल कसं?

बेलिफ जे हसले! मांडीवर थाप मारली, ती खिडकीच्या तावदानाला ऐकू गेली. मग डोळे पुसत म्हणाले, "आजोबा, तुम्हाला सांगतो, आमचंही अगदी तस्संच झालंय. आमचंही छप्पर गळत नाही."

"का? कुठे गेलं?"

बेलिफांनी अधीक्षकांकडे बघितलं. अधीक्षकांनी कागदाकडे बघितलं. नकलाताईच म्हणाल्या, "कपाटामागे होतं हो."

मग हळूहळू उलगडलं. त्या वेड्यावाकड्या कपाटांच्या मागे आणि खिडकीच्या मध्ये एक फट होती. फट कसली, चार माणसं उभी राहतील एवढी जागा. नकाशात नाही, नियमात नाही. पण कचेरीचा जीव तिथे. चहाची किटली तिथे. बेलिफ उन्हातून चिखलातून आले की बूट तिथे काढायचे आणि कपाटाच्या आडव्या फळीवर कागद ठेवून उभ्यानेच अहवाल लिहायचे. "बसत नाही म्हणालो ते खरंच होतं," ते म्हणाले. "बसलो की कंबर उठू देत नाही. उभ्याने लिहितो. पण उभं राहायला जागा लागते की नाही?"

नकलाताई टेबलावरची धूळ पुसत म्हणाल्या, "आमच्याकडे नकला न्यायला येतात ना माणसं, तेव्हा कागद हातात घेतल्यावर रडतात. जिंकलेलीही रडतात, हरलेलीही. एक बाई होती, वाटणीत घर गेलं तिचं. नक्कल घेतली आणि उभ्याउभ्याच... मी तिला कपाटामागे नेलं, पाणी दिलं. आता सगळीकडे काच. परवा एक म्हातारे आले, मुलाविरुद्धचा निकाल होता. जिंकले होते बिचारे. सगळ्यांसमोर रडले, आणि मला त्यांना न्यायला कोपरा नव्हता. मग मीही..."

आणि पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायला लागल्या.

मी गप्प बसलो. हो, बसता येतं मला, आमच्या हिला सांगू नका. आणि मग कुणालाच वाटलं नव्हतं ते घडलं. अधीक्षकांनी गळ्याचं पहिलं बटण सोडलं.

"मला साखरेचं इंजेक्शन असतं," ते म्हणाले. "दुपारचं. सदरा वर करावा लागतो. लोकांसमोर बरं दिसत नाही. आता जिन्याखाली जातो."

दारात सूनबाई उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. तिने माफी मागितली नाही की समजूत घातली नाही. नुसतं म्हणाली, "नकलाताई, किटली कुठल्या बाजूला होती? उजवीकडे की डावीकडे?"

"उजवीकडे," नकलाताई म्हणाल्या. आणि विचारलं नव्हतं तेही पुढे बोलल्या, "पण खरं तर डावीकडे हवी. खिडकी तिकडे आहे, वाफ बाहेर जाते."

त्यानंतर जो काही कालवा सुरू झाला! बेलिफांना लिहायची फळी किती उंच, बूट कुठे, पाण्याचा नळ हवाच. नळ म्हटल्यावर सूनबाई म्हणाली, "तो माझ्यावर सोडा, त्यात माझा हात कुणी धरणार नाही." गुरुवारी दिवसभर त्या सगळ्यांनी मिळून कपाटं ढकलली. अधीक्षक सुद्धा, बाह्या वर करून. ढकलता ढकलता सूनबाईने त्यांना अण्णांच्या टेपची आणि आत ओढलेल्या पोटाची गोष्ट सांगितली. कपाटं भिंतीपासून निघाली आणि खोलीच्या मध्ये पाठीला पाठ लावून उभी राहिली. पुढची बाजू लोकांसाठी, उजेडाची, मोकळी. मागे खिडकीकाठी लहानशी जागा, दोन खुर्च्या, उंच फळी, किटली, नळासाठी खडूची खूण आणि तात्पुरतं उभं केलेलं एक दार. दाराला काच नाही.

नकाशावर त्या जागेला नाव काय द्यायचं यावर अर्धा तास वाद झाला. अधीक्षकांनी सुचवलं, "सहायक अभिलेख परिसर." बेलिफ म्हणाले, "त्या नावाने मला स्वतःलाच समन्स आल्यासारखं वाटेल." शेवटी जे सगळे म्हणत होते तेच लिहिलं, कपाटामागे.

शुक्रवार उजाडला. सूनबाईने मला यायला सांगितलं नव्हतं, पण नको असंही म्हणाली नव्हती. विचारलं तेवढंच सांगावं, नाही का? मी जाऊन स्टुलावर बसलो.

मोठे साहेब आले. चष्मा कपाळावर, पावलं सावकाश. टेबलं बघितली, उजेड बघितला, मान हलवली. मग कपाटांपाशी थांबले. "ही मध्ये का? भिंतीला लावली तर केवढी जागा वाचेल."

सूनबाईने तोंड उघडलं. साहेबांनी हात वर केला. "तुमचा नकाशा मी वाचलाय. मला इथे काम करणाऱ्यांकडून ऐकायचंय." आणि अधीक्षकांकडे वळले. "या रचनेत जागा वाया जाते की नाही?"

झालं. आता हा माणूस म्हणणार, जाते. मोजलं तर जातच होती. सूनबाईच्या चेहऱ्याकडे बघवेना. मला त्या विमानतळाचे नळ दिसायला लागले.

"जाते, साहेब," अधीक्षक म्हणाले.

साहेबांनी मान हलवली, पुढे निघाले.

"साहेब," अधीक्षक म्हणाले, आणि बेलिफांनी चमकून त्यांच्याकडे बघितलं, कारण असं कधी झालं नव्हतं. "विचारलेलं नाही ते बोलू का?"

मोठे साहेब थांबले. "तुम्ही?"

"हो. पहिल्यांदा मॅडमनी विचारलं तेव्हा आम्ही नीट सांगितलं नाही. खोटं नाही बोललो, पण पोट आत ओढून बसलो होतो. त्या मापाचं झालं ते आम्हालाच आवळायला लागलं. जी जागा वाया जाते म्हणालो ना, साहेब, तिच्यावरच आमची कचेरी चालते. आत येऊन बघता का?"

दार उघडलं. साहेब आत गेले. दार लागलं. बाहेर आम्ही सगळे निकालाची वाट बघणाऱ्या पक्षकारांसारखे. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग किटलीचा.

साहेब बाहेर आले तेव्हा हातात कप होता. "चहा कुणी केला?"

"विचारलंत म्हणून सांगतो," बेलिफ म्हणाले, "मी."

"साखर जास्त झालीय," साहेब म्हणाले. मग सूनबाईकडे वळले. "मॅडम, सगळं मंजूर. पण एक तक्रार आहे. माझ्या दालनात कपाटामागे कुठे आहे?"

"साहेब, तुम्हाला मी विचारलंच नव्हतं."

"मग विचारा."

"नुसतं विचारून भागत नाही, साहेब," सूनबाई म्हणाली. आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "आधी बाबांना घेऊन यावं लागतं."

त्यानंतर मी मोठ्या साहेबांकडेही जाऊन आलो. त्यांचं काय निघालं ते सांगणार नाही, ते कोर्टाच्या आतलं आहे. एवढंच सांगतो, त्यांचीही एक खिडकी आहे आणि तिच्यापाशी ते निकाल लिहिण्याआधी उभे राहतात.

आता ती कचेरी पक्की झाली आहे. अधीक्षकांनी परवा रस्त्यात मला गाठून गळ्याचं बटण उघडं ठेवूनच नमस्कार केला. सूनबाईच्या खोलीवरची पाटी आता मोठी झाली आहे, आणि कंपनीचे साहेब हल्ली विमानतळाबद्दल फोन करत नाहीत.

त्या शुक्रवारी घरी आल्यावर तिने आधी व्याह्यांना फोन लावला. ते आता थकलेत, मशीन बंद आहे. ती एवढंच म्हणाली, "अण्णा, पँट बसली."

पलीकडून त्यांनी विचारलं, "बसल्यावर बटण राहिलं ना?"

"राहिलं."

"मग झालं तर. चहा घेतलास का?"

फोन ठेवून तिने माझ्या पँटचं कापड काढलं आणि शिवायला घेतलं. कमरेचं माप तिने बुधवारी रात्रीच घेतलं होतं, मी घरी आमच्या हिला पोपटाची गोष्ट पुन्हा सांगत असताना. मला कळलंही नाही. ती पँट घालून मी हे लिहायला बसलो आहे. दुपारचं जेवण झालंय, चांगलं पोटभर झालंय. आमची ही आतून म्हणते, "संपलं का तुमचं?" अजून कुठे, बटण शाबूत आहे. ज्या शिंप्याने त्या मुलीला घडवलं त्याचं, जिने म्हाताऱ्याच्या बडबडीला कामाला लावलं तिचं आणि ज्यांनी न विचारता तोंड उघडलं त्या कोर्टाचं भलं होवो. सोडलंय मी पोट, आरामात.